हेंच यांचं दप्तर: पीतज्वराच्या संशोधनामागच्या पत्रव्यवहाराचं प्रकरण

मिनेसोटातल्या मेयो क्लिनिकमध्ये काम करणारे फिलिप शोवॉल्टर हेंच हे संधिवाताचे डॉक्टर. कॉर्टिसोन या औषधावरच्या कामासाठी १९५० सालचं नोबेल पारितोषिक त्यांना केंडाल आणि राइखश्टाइन यांच्यासोबत विभागून मिळालं. पण या माणसाचं दुसरं एक मोठं काम आहे, त्याला कोणतंही पारितोषिक नाही. १९३७ च्या सुमारास त्यांनी क्यूबातल्या पीतज्वर (यलो फीव्हर) प्रयोगांतल्या हयात माणसांना पत्रं लिहायला सुरुवात केली, आणि हा उद्योग पुढे बहुतेक आयुष्यभर चालवला. प्रयोग झाले होते १९०० मध्ये. म्हणजे त्यांनी प्रश्न विचारले ते सदतीस-अडतीस वर्षांनी, आणि काही तर पन्नास वर्षांनी. उत्तरं देणारे सगळे म्हातारे, कुणी आजारी, कुणी एकमेकांवर नाराज.

ही पत्रं, त्यांना जोडून मिळालेले १९०० चे मूळ कागद, फोटो, नकाशे आणि हेंच यांनी पाठवलेल्या पत्रांच्या कार्बन प्रती, हे सगळं आज व्हर्जिनिया विद्यापीठाच्या आरोग्यविज्ञान ग्रंथालयात आहे. हेंच १९६५ मध्ये वारले, त्यानंतर त्यांच्या पत्नी मेरी यांनी दप्तर तिथे दिलं. प्रयोगांचे प्रमुख वॉल्टर रीड याच विद्यापीठातून १८६९ मध्ये, वयाच्या अवघ्या सतराव्या वर्षी, डॉक्टर होऊन बाहेर पडले होते. शिवाय हेंच यांचे भाऊ तिथे इंग्रजीचे प्राध्यापक होते. पुढे या दप्तराचा मोठा भाग स्कॅन होऊन सर्वांसाठी खुला झाला.

मूळ घटना थोडक्यात सांगतो, कारण ती अनेक ठिकाणी वाचायला मिळते. स्पेनशी झालेल्या युद्धानंतर क्यूबा अमेरिकी लष्कराच्या ताब्यात होता आणि पीतज्वराने सैनिक मरत होते. लष्कराचे सर्जन जनरल स्टर्नबर्ग यांनी मे १९०० मध्ये चार डॉक्टरांचं मंडळ नेमलं: वॉल्टर रीड, जेम्स कॅरोल, जेसी लाझिअर आणि आरिस्तिदेस आग्रामोंते. सुरुवातीला त्यांनी एका इटालियन शास्त्रज्ञाने पुढे केलेला जिवाणू तपासला. तो कारण ठरत नाही हे दिसल्यावर ते डासाकडे वळले. डासाची कल्पना हवानाच्या डॉ. कार्लोस फिनले यांनी १८८१ मध्येच मांडली होती आणि तेव्हापासून ते ती एकट्याने लढवत होते. प्रयोगांसाठी डासांची अंडी मंडळाला फिनले यांनीच दिली. डिसेंबरपर्यंत डास दोषी असल्याचं सिद्ध झालं. लष्कराचे आरोग्याधिकारी मेजर गॉर्गस यांनी हवानात डासांविरुद्ध मोहीम उघडली, आणि १९०१ च्या सप्टेंबरनंतर त्या शहरातून पीतज्वर जवळजवळ नाहीसा झाला.

आता कागदांकडे वळू. या संशोधनाची इतकी खासगी पत्रं उरली याचं साधं कारण असं की माणसं एकमेकांपासून दूर होती. रीड २ ऑगस्ट १९०० ला टायफॉइडचा अहवाल पूर्ण करायला वॉशिंग्टनला गेले ते ४ ऑक्टोबरला परतले. निर्णायक गोष्टी नेमक्या त्याच दोन महिन्यांत घडल्या. २७ ऑगस्टला कॅरोल यांनी स्वतःला डास चाववून घेतला आणि ते मरणाच्या दारातून परत आले. ती खबर मिळाल्यावर रीड यांनी ७ सप्टेंबरला कॅरोल यांना लिहिलेलं पत्र दप्तरात आहे. आनंदाने अक्षरशः ओरडावं तशी त्याची सुरुवात आहे, आणि मागच्या बाजूला एकच प्रश्न लिहिला आहे: हे डासानेच केलं का? छापील शोधनिबंधात असं वाक्य कधी येणार नाही. मंडळप्रमुख अजून साशंक आहे, उत्सुक आहे, आणि मुख्य म्हणजे तिथे हजर नाही, हे त्या एका ओळीतून कळतं.

त्याच्या दुसऱ्याच दिवशी, ८ सप्टेंबरला, लाझिअर यांनी अमेरिकेत असलेल्या पत्नी मेबल यांना लिहिलं की आपण खऱ्या जंतूच्या मागावर आहोत असं वाटतंय, पण याचा कुठे अवाक्षरही काढायचा नाही. मेबल नुकत्याच दुसऱ्यांदा बाळंत झाल्या होत्या. सतरा दिवसांनी, २५ सप्टेंबरच्या संध्याकाळी, लाझिअर वारले. वय चौतीस. मेबल यांना तार गेली ती थेट मृत्यूची. नवरा आजारी आहे हेही त्यांना तोवर ठाऊक नव्हतं.

वर्षाच्या शेवटी रीड यांनी पत्नी एमिली यांना लिहिलेलं पत्र सगळ्यांत जास्त उद्धृत होतं. ३१ डिसेंबर १९००, रात्री बाराला दहा मिनिटं कमी. पीतज्वरावरचा १८५० च्या दशकातला एक जाडजूड ग्रंथ ते वाचत बसले आहेत, आणि इतक्या वर्षांचं गूढ उकलायला आपण निमित्त झालो याबद्दल देवाचे आभार मानताहेत. ९ डिसेंबरच्या पत्रात तर, घटसर्पाची प्रतिलस आणि कॉख यांचा क्षयाचा जंतू सोडला तर एकोणिसाव्या शतकातलं सर्वांत महत्त्वाचं शास्त्रीय काम आपण केलंय, असं त्यांनी बायकोला लिहून टाकलं आहे. मला यात बढाई दिसत नाही. महिनाभर श्वास रोखून बसलेल्या माणसाचा तो सुटकेचा उद्गार आहे, आणि तो बायकोजवळच काढला आहे.

हे झाले १९०० चे कागद. १९३७ नंतरचे कागद अगदी वेगळ्या जातीचे आहेत, आणि या प्रकरणात मला महत्त्वाचा वाटतो तो हाच फरक.

मराठी वाचकाला तो समजावून सांगावा लागू नये. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी १८९८ मध्ये मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड काढला, तेव्हा बखरी आणि अस्सल पत्रं यांच्यातली तफावत त्यांनी कठोरपणे दाखवली. बखर घटनेनंतर, कुणाच्या तरी सांगण्यावरून लिहिली जाते. तिच्यात शौर्य वाढतं, तारखा सरकतात, माणसं जागा बदलतात. पत्र त्या दिवसाचं असतं आणि पुढे काय होणार हे लिहिणाऱ्याला माहीत नसतं. हेंच यांच्या दप्तरात दोन्ही आहेत. रीड आणि लाझिअर यांची १९०० ची पत्रं अस्सल कागद, आणि मोरन, किसिंजर या स्वयंसेवकांनी आणि ट्रुबी, केन या लष्करी डॉक्टरांनी चाळीस वर्षांनी लिहिलेली उत्तरं ही बखर. फरक इतकाच की ही बखर साक्षीदारांनी स्वतः लिहिली आहे.

जॉन मोरन हे आयरिश वंशाचे मुलकी कारकून. २१ डिसेंबर १९०० ला ते डास सोडलेल्या खोलीत जाऊन झोपले, पंधरा डास चावले, आणि नाताळच्या दिवशी त्यांना ताप भरला. त्याच खोलीत तारेच्या जाळीच्या पलीकडे झोपलेल्या दोघांना काहीच झालं नाही. डासच कारण आहे, खोलीतली हवा नव्हे, याचा इतका स्वच्छ पुरावा क्वचितच सापडेल. शिपाई जॉन किसिंजर यांना ५ डिसेंबरला डास चाववले होते, आणि तीन दिवसांत ते आजारी पडले. मोरन आणि किसिंजर या दोघांनीही पैसे घ्यायला नकार दिला होता. पुढे किसिंजर अपंग झाले आणि हलाखीत राहिले. अमेरिकी काँग्रेसने १९२९ मध्ये स्वयंसेवकांना सुवर्णपदक आणि महिना १२५ डॉलर निवृत्तिवेतन मंजूर केलं, तेव्हा यादीत कोणाचं नाव असावं यावर वाद झाले आणि ते पुढेही धुमसत राहिले. म्हणजे १९३७ मध्ये हेंच एखादा प्रश्न विचारत, तेव्हा समोरच्याच्या आठवणीशी मानही जोडलेला होता आणि पैसाही. त्यातच १९३४ मध्ये ब्रॉडवेवर या प्रयोगांवर नाटक आलं आणि १९३८ मध्ये त्याचा चित्रपट निघाला. आपली तरुणपणीची गोष्ट पडद्यावर पाहिलेल्या माणसाला मूळ दृश्य आणि पाहिलेलं दृश्य वेगळं ठेवणं किती अवघड जात असेल, हे ती उत्तरं वाचताना सतत मनात ठेवावं लागतं.

यावरचं सर्वांत अवघड उदाहरण म्हणजे लाझिअर यांचा मृत्यू.

मंडळाने प्रसिद्ध केलेल्या निवेदनानुसार १३ सप्टेंबरला लाझिअर लास आनिमास रुग्णालयात रुग्णांचं रक्त घेत होते. हातावर एक डास बसला, त्यांनी तो उडवला नाही, पोटभर चावू दिला. पाच दिवसांनी, १८ तारखेला, ताप आला. पीतज्वराचा अंतःकालावधी, म्हणजे डास चावल्यापासून ताप येईपर्यंतचा काळ, साधारण तीन ते सहा दिवसांचा, त्यामुळे तारखा जुळतात. पण लाझिअर जॉन्स हॉपकिन्समध्ये मलेरियावर आणि डासांवर काम केलेले होते, मंडळात डासांची सर्वाधिक जाण त्यांनाच होती. प्रयोगशाळेतल्या प्रत्येक डासाचा हिशेब ठेवणारा हा माणूस रुग्णालयात हातावर बसलेल्या कुठल्यातरी डासाला निर्धास्तपणे चावू देईल? हा प्रश्न लगेचच उभा राहिला होता.

त्यांची छोटी टिपणवही रीड यांच्याकडे होती. रीड १९०२ मध्ये आंत्रपुच्छाच्या दुखण्याने वारले, त्यानंतर ती सापडली नाही. प्रयोगशाळेची दुसरी एक नोंदवही मात्र न्यूयॉर्क अकॅडमी ऑफ मेडिसिनच्या ग्रंथालयात निघाली. तिच्यात १३ सप्टेंबरची एक नोंद आहे: 'गिनीपिग क्रमांक १' ला आज डास चावला, आणि त्या डासाने आधी कोणत्या रुग्णांना कधी चावे घेतले होते त्याची नावं आणि तारखा. त्याच दिवशी, त्याच तारखेला. हा गिनीपिग म्हणजे खुद्द लाझिअर असावेत असं अनेक अभ्यासकांना वाटतं. आणि मग त्यांनी सहकाऱ्यांना वेगळी गोष्ट का सांगितली, हा पुढचा प्रश्न येतो. बायको आणि दोन लहान मुलं मागे होती. जाणूनबुजून ओढवून घेतलेल्या मृत्यूवर विमा मिळाला नसता, असा तर्क केला गेला आहे. रीड यांनी ते ओळखलं आणि विधवेसाठी गप्प राहिले, हा त्याच्या पुढचा तर्क.

हेंच यांनी या प्रश्नाचा पिच्छा पुरवला. केन तेव्हा क्यूबात लष्कराचे वरिष्ठ वैद्यकीय अधिकारी होते, ट्रुबी तिथल्या लष्करी छावणीतले तरुण डॉक्टर. उरलेल्यांपैकी ज्यांना काही ठाऊक असण्याची शक्यता होती त्यांच्याकडे त्यांनी चौकशी केली, मेबल लाझिअर यांच्याशीही त्यांचा पत्रव्यवहार होता. पण रीड १९०२ मध्ये, कॅरोल १९०७ मध्ये आणि आग्रामोंते १९३१ मध्ये गेले होते. ज्यांनी लाझिअर यांच्या पलंगाशेजारी उभं राहून त्यांचं म्हणणं ऐकलं, त्यांतले मंडळाचे सदस्य कुणीच उरले नव्हते. उरलेल्यांची साक्ष म्हणजे त्यांनी काय ऐकलं, कोणाकडून ऐकलं, आणि मागाहून त्यांना काय पटलं याची साक्ष. माझं मत सांगतो: नोंदवहीतली १३ सप्टेंबरची ती नोंद १९३७ नंतरच्या सगळ्या पत्रांपेक्षा वजनदार आहे, आणि ती स्वप्रयोगाच्या बाजूने झुकते. पण ती झुकते इतकंच. नोंदीत नाव नाही, आणि चाळीस वर्षांनंतरची कितीही पत्रं जोडली तरी ते नाव तिथे लिहिता येत नाही.

प्रयोगांसाठी उभारलेल्या छावणीच्या जागेच्या बाबतीत नेमकं उलट झालं. तिथे आठवणींनीच बाजी मारली. लाझिअर यांचं नाव दिलेली ती छावणी २० नोव्हेंबर १९०० ला हवानाजवळच्या केमादोस इथे एका माळावर उभी राहिली. तिच्यात तंबू होते आणि दोन छोट्या लाकडी खोल्या. एका खोलीत पीतज्वराच्या रुग्णांचे घाण झालेले, न धुतलेले कपडे आणि अंथरुणं कोंबून तीन माणसं वीस रात्री झोपली, आणि तिघंही ठणठणीत बाहेर आली. रोग्याच्या कपड्यांतून ताप पसरतो या समजुतीपायी तोवर जगभर सामान जाळलं जात होतं, जहाजं अडवली जात होती. दुसरी खोली डासांची, मोरन झोपले ती. प्रयोग संपल्यावर छावणी मोडली आणि जागा विस्मरणात गेली. मोरन पुढे हवानातच राहत होते. हेंच क्यूबाला गेले, मोरन यांना सोबत घेऊन शोध घेतला, आणि १९४० मध्ये एका शेतावर पहिली खोली, ती घाणेरड्या कपड्यांची, उभी सापडली. लाकूड, मोजमाप, दिशा ताडून पाहता येत होत्या. म्हातारपणीची आठवण जेव्हा हात लावता येईल अशा वस्तूशी जुळवता येते तेव्हा तिची किंमत वाढते. लाझिअर यांच्या अखेरच्या बोलण्याबाबत अशी कोणतीच वस्तू हाताशी नव्हती. त्या जागी स्मारक झालं ते डिसेंबर १९५२ मध्ये. किसिंजर १९४६ मध्ये आणि मोरन १९५० मध्ये वारले होते.

क्यूबात हे स्मारकही सरळ नव्हतं. श्रेय फिनले यांचं की रीड यांचं, हा तिथे राष्ट्राच्या मानाचा प्रश्न होता आणि आहे. कल्पना फिनले यांची यात शंका नाही. त्यांचे प्रयोग पटले नाहीत याचं कारण डासाच्या पोटातला काळ. रुग्णाचं रक्त डासाला पहिल्या तीन दिवसांतच मिळावं लागतं, आणि त्यानंतर सुमारे बारा दिवस गेल्याशिवाय तो डास दुसऱ्याला रोग देऊ शकत नाही. अमेरिकी डॉक्टर हेन्री रोझ कार्टर यांनी १८९८ मध्ये मिसिसिपीतल्या गावांत पहिला रुग्ण आणि नंतरचे रुग्ण यांच्यातलं अंतर मोजून या विलंबाकडे लक्ष वेधलं होतं. लाझिअर यांचे ऑगस्टमधले पहिले प्रयोग फसले तेही याच कारणाने. कॅरोल यांना चावलेल्या डासाने बारा दिवस आधी रुग्णाचं रक्त घेतलेलं होतं, म्हणून ते आजारी पडले. एकाच्या कल्पनेला दुसऱ्याच्या मोजणीची आणि तिसऱ्याच्या जिवाची जोड मिळाली, आणि हेंच यांनी या सगळ्यांचे कागद एका छताखाली आणले हे त्यांचं मोठं श्रेय.

आता दप्तरातल्या उणिवेबद्दल. प्रयोगांत अमेरिकी सैनिकांबरोबर नुकतेच क्यूबात आलेले स्पॅनिश मजूरही होते. त्यांच्यातल्या आंतोनिओ बेनिग्नो यांच्याशी २६ नोव्हेंबर १९०० ला झालेला करार दप्तरात आहे. वय पंचवीसच्या वर, स्वेच्छेने तयार, शंभर डॉलर सोन्याच्या नाण्यांत, आणि पीतज्वर झालाच तर आणखी शंभर. या बेटावर राहून हा रोग टाळणं तसंही अशक्य आहे, म्हणून उत्तम शुश्रूषेच्या भरवशावर तो जाणूनबुजून पत्करतो, असा मजकूर त्याच्या तोंडी घातला आहे. माणसांवरच्या प्रयोगासाठी घेतलेल्या लेखी संमतीचं हे अगदी सुरुवातीचं उदाहरण, म्हणून वैद्यकीय नीतिशास्त्रात त्याचा कायम उल्लेख येतो. उल्लेख योग्यच आहे, कारण मृत्यूची शक्यता त्यात लपवलेली नाही. पण रोग टाळणं अशक्य आहे हे विधान, आणि नुकत्याच बोटीवरून उतरलेल्या गरीब माणसासमोर ठेवलेले दोनशे डॉलर, हेही वाचायला हवं.

हेंच यांनी वर्षानुवर्षं पत्रं लिहिली ती अधिकाऱ्यांना, डॉक्टरांना, त्यांच्या विधवांना, अमेरिकी स्वयंसेवकांना. स्पॅनिश मजुरांचा आवाज त्यांच्या दप्तरात जवळपास नाही. पहिले रुग्ण आजारी पडलेले पाहून त्यांच्यातले काही जण करार सोडून निघून गेले, हे आपल्याला कळतं ते रीड यांच्या लेखातून, तेही विनोदाच्या अंगाने सांगितलेलं. जो पत्र लिहू शकतो आणि ज्याचा पत्ता सापडतो, त्याचाच इतिहास पत्रव्यवहारातून उभा राहतो. हेंच यांची सचोटी निर्विवाद आहे, तरीही दप्तराचा हा कल त्यांच्या मनातल्या वीरकथेतून आलेला आहे. डीन कॉर्नवेल या चित्रकाराने या प्रयोगांवर मोठं चित्र काढलं तेव्हा हेंच त्याला माहिती पुरवत होते. हा माणूस एकाच वेळी संग्राहक, प्रश्नकर्ता आणि भक्त होता.

त्यांना या सगळ्याचा अधिकृत इतिहास लिहायचा होता, तो राहून गेला. मला यात हळहळ कमी आणि समाधान जास्त वाटतं. पुस्तक झालं असतं तर लोकांनी पुस्तकच वाचलं असतं. आता हेंच यांचा प्रश्न आणि त्याला आलेलं उत्तर शेजारी शेजारी ठेवता येतात. 'तुम्हाला हे असंच आठवतं ना?' अशा रोखाने विचारलेल्या प्रश्नाला आलेला होकार वेगळा, आणि मोकळ्या प्रश्नाला आपणहून आलेला तपशील वेगळा. पाठवलेल्या पत्रांच्या कार्बन प्रती जपल्या नसत्या तर हा भेद कुणालाच करता आला नसता.

आपल्याकडेही हे करण्यासारखं आहे. पुण्यातलं विषाणू संशोधन केंद्र, आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, १९५२ मध्ये रॉकफेलर फाउंडेशन आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद यांनी मिळून सुरू केलं. रॉकफेलर फाउंडेशनला कीटकांतून पसरणाऱ्या विषाणूंत रस निर्माण झाला तो पीतज्वरावरच्या कामातून. त्यांच्याच प्रयोगशाळेत मॅक्स थायलर यांनी १९३० च्या दशकात १७डी लस तयार केली, आणि आफ्रिकेत जाणारा प्रवासी आजही तीच टोचून घेतो. भारतात पीतज्वर आलेला नाही, पण त्याचा वाहक एडिस इजिप्ती आपल्या प्रत्येक शहरात आहे आणि दरवर्षी डेंगी पसरवतो. पुण्याच्या केंद्रात सुरुवातीच्या काळी काम केलेले तंत्रज्ञ, कीटक गोळा करणारे, गाडी चालवणारे यांच्या आठवणी कुणी टिपत असेल, तर उत्तराबरोबर आपला प्रश्नही जसाच्या तसा, तारखेसह ठेवावा, आणि यादीची सुरुवात शास्त्रज्ञांपासून करू नये.

ज्यांना हेंच यांचं दप्तर स्वतः चाळायचं आहे त्यांना माझी सूचना अशी: चरित्रं आणि गौरवलेख बाजूला ठेवून आधी फक्त सप्टेंबर १९०० चे कागद तारखेवार वाचा. ७ तारखेचं रीड यांचं पत्र, ८ चं लाझिअर यांचं, मग न्यूयॉर्कच्या नोंदवहीतली १३ ची नोंद, मग लाझिअर यांच्या तापाचा तक्ता. त्यानंतर नोव्हेंबरचा बेनिग्नो यांचा करार. मोरन, ट्रुबी आणि केन यांच्या पत्रांकडे त्याच्यानंतर जा, आणि प्रत्येक वेळी आधी हेंच यांनी काय विचारलं होतं ते काढून वाचा.